ग्लुटेन बंद केलं तरी रिपोर्ट सुधारत नाही? घर, शाळा आणि प्रवासातल्या पायऱ्या, क्रमाने

"अहो, गहू पूर्ण बंद आहे, तरी पोट ठीक होत नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मी पुढचा प्रश्न ठरवूनच टाकलाय: लोणी कुठल्या डब्यातलं खाता? आणि मग समोरचा गप्प होतो, कारण डबा घरातल्या सगळ्यांचा एकच असतो आणि त्यात ब्रेडवरून फिरलेली सुरी दिवसातून चार वेळा जाते. काय खायचं नाही ती यादी लोकांना तोंडपाठ असते हो, पण गहू ताटापर्यंत कुठून कुठून येतो ते कुणी बघत नाही. आमच्या घरात मुलाला सिलिॲक (ग्लुटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतलं प्रथिन, पोटात गेलं की शरीर आपल्याच लहान आतड्याला इजा करतं तो आजार) निघाल्यावर पहिले सहा-सात महिने आम्ही हेच केलं, म्हणून हा लेख. सिलिॲकवाल्यांसाठी लिहितोय, बाकी कारणाने ग्लुटेन टाळणाऱ्यांनी आपल्याला लागेल तेवढं घ्यावं. क्रम मात्र बदलू नका, निम्म्या चुका क्रम चुकल्यानेच होतात.

पायरी १: आधी टेस्ट, मग डाएट

सगळ्यात मोठी आणि नंतर निस्तरायला सगळ्यात अवघड चूक. कुणीतरी सांगतं ग्लुटेन सोडून बघ, माणूस सोडतो, बरं वाटतं, आणि मग दोन महिन्यांनी डॉक्टरकडे जातो टेस्ट करायला. टेस्ट निगेटिव्ह येते. कारण रक्तातल्या ज्या अँटिबॉडीज आपण शोधतोय त्या ग्लुटेन खात असतानाच बनतात, बंद केलं की हळूहळू उतरायला लागतात.

करायचं असं:

१. ग्लुटेन नेहमीसारखं चालू असतानाच रक्ताची टीटीजी-आयजीए (सिलिॲकची अँटिबॉडी मोजणारी) टेस्ट करा आणि सोबत टोटल आयजीए, म्हणजे त्या प्रकारच्या अँटिबॉडीज एकूण किती आहेत, तीसुद्धा सांगा. काही लोकांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं, मग पहिली टेस्ट उगाच निगेटिव्ह दिसते.

२. डॉक्टरांनी सांगितलं तर एंडोस्कोपी आणि लहान आतड्याची बायॉप्सी. तीही ग्लुटेन चालू असतानाच. रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून त्याच रात्री स्वयंपाकघर रिकामं करायला घेऊ नका, आधी विचारा बायॉप्सी करायची आहे का.

३. आधीच बंद केलं असेल तर टेस्टसाठी परत काही आठवडे खावं लागतं, ब्रिटनमधल्या सूचनेप्रमाणे रोज एकापेक्षा जास्त जेवणांत, कमीत कमी ६ आठवडे. हे डॉक्टरांना विचारूनच. ज्यांना ते झेपणारच नाही त्यांच्यासाठी एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकांची टेस्ट असते. ती डाएट चालू असतानाही करता येते आणि दोन्ही जनुकं नसतील तर सिलिॲक जवळजवळ नाहीच असं म्हणता येतं. जनुकं असली म्हणजे सिलिॲक आहेच असं मात्र नाही, ती खूप लोकांत असतात.

थांबा: गव्हाची ॲलर्जी आणि सिलिॲक या वेगळ्या गोष्टी आहेत. गहू खाल्ल्यावर लगेच अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं असं होत असेल तर "खाऊन बघू" हा प्रयोग घरी अजिबात नको.

पायरी २: काय बंद, काय चालू, आणि किती म्हणजे खूप

ग्लुटेन गहू, बार्ली म्हणजे जव आणि राय या धान्यांत असतं, शिवाय गहू आणि रायच्या संकरातून आलेल्या ट्रिटिकेलमध्ये. बस, एवढंच. पण गहू नावं बदलून येतो. मैदा, रवा, दलिया, कोंडा, कूसकूस, सेइतान, ड्युरम, स्पेल्ट, आणि खपली. खपलीबद्दल जोरात सांगतो कारण "खपली जुना गहू आहे, चालतो" असं छातीठोकपणे सांगणारे खूप आहेत. नाही चालत. पचायला हलका असेल नसेल, ग्लुटेन त्यात आहे. आंबवलेल्या सावरडो ब्रेडचंही तेच, आंबवल्याने ग्लुटेन जात नाही.

मुळात ग्लुटेन नसलेलं: तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, मका, राजगिरा, क्विनोआ, बटाटा, सगळी कडधान्यं, दूध, अंडी, मांस, मासे, भाज्या, फळं, सुकामेवा. बकव्हीट म्हणजे कुट्टू, त्याच्या इंग्रजी नावात गहू आहे पण तो गहू नाही.

आता मुख्य मुद्दा. ज्वारी ग्लुटेन फ्री आहे, ज्वारीचं पीठ असेलच असं नाही. ज्या जात्यावर आधी गहू दळला त्यावरच नंतर ज्वारी दळली की संपलं. पीठ घ्यायचं तर ग्लुटेन फ्री लिहिलेलं पॅकेट घ्या, नाहीतर अख्खं धान्य आणून निवडून, धुऊन, वाळवून घरच्या वेगळ्या मशीनवर दळा. निवडणं खरंच करा, डाळींत आणि धान्यांत गव्हाचे दाणे सापडतात, मला स्वतःला मसूर निवडताना एकदा अकरा सापडले, ताटात बाजूला काढून ठेवले आणि घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवले.

किती चालतं? आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाप्रमाणे ग्लुटेन फ्री म्हणजे २० पीपीएमपर्यंत, म्हणजे एक किलो पदार्थात जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम. आणि बहुतेक सिलिॲक लोकांना दिवसभरात साधारण १० मिलिग्रॅमपर्यंत निभतं असं मानतात. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये २ ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असतं, म्हणजे त्या स्लाइसचे २०० तुकडे केले तर त्यातला एक तुकडा ही दिवसाची मर्यादा झाली. एवढासा कण तर बाहीवर राहतो. "थोडंसं चाललं" का म्हणायचं नाही ते यावरून कळावं.

ओट्स: ओट्समधलं प्रथिन वेगळं आहे आणि बऱ्याच सिलिॲक लोकांना ते चालतं, पण साधे ओट्स शेतात, ट्रकमध्ये, गिरणीत गहू-जवात मिसळलेले असतात. म्हणून ग्लुटेन फ्री लिहिलेलेच, तेही सुरुवातीला नको. तब्येत आणि रिपोर्ट स्थिर झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, थोडे थोडे. काही थोड्या लोकांना शुद्ध ओट्सचाही त्रास होतो.

पायरी ३: स्वयंपाकघर, एका दिवसात, याच क्रमाने

लोक काय करतात, आधी बाजारात जाऊन पिशवीभर ग्लुटेन फ्री वस्तू आणतात आणि त्या जुन्याच फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी ठेवतात. उलटं करा. आधी रिकामं, मग साफ, मग वेगळं, आणि सगळ्यात शेवटी भरणं.

१. रिकामं करा. सगळं टेबलावर. उघडलेली लोणी, जॅम, पीनट बटर, मध, चीज स्प्रेड, साखरेचा डबा ज्यात पिठाचा चमचा जातो, हे सगळं संशयित. ही बाकीच्यांना संपवू द्या, सिलिॲकवाल्यासाठी नवीन उघडा.

२. काय धुऊन चालेल आणि काय नाही ते ठरवा. स्टील, काच, चिरा नसलेलं चिनीमातीचं भांडं नीट घासून धुतलं की चालतं. लाकडी लाटणं, लाकडी पाट, लाकडी चमचे, पिठाची चाळणी, पास्ता गाळायची जाळी, ओरखडे पडलेला नॉनस्टिक तवा, टोस्टर, हे वेगळेच हवेत. चाळणीची जाळी कितीही धुवा, कडेच्या पत्र्यात पीठ बसलेलं असतं, नखाने ओढून बघा, पांढरी रेघ निघते.

३. साफ करा. वरून खाली. आधी वरच्या फळ्या, मग ओटा, मग ड्रॉवर, शेवटी फरशी. सुका झाडू मारला की पीठ उडून परत बसतं, म्हणून ओलं फडकं. चमच्यांच्या ड्रॉवरमधला ट्रे बाहेर काढून धुवा, त्याच्या कोपऱ्यात किती चुरा असतो ते बघून धक्का बसेल. भांडी घासायचा स्पंज आणि फडकी नवीन.

४. जागा वेगळी करा. सगळ्यात वरची फळी ग्लुटेन फ्री, गव्हाचं सगळं खाली. कारण चुरा खाली पडतो, वर उडी मारत नाही. फ्रिजमध्येही तसंच.

५. रंग ठरवा. आमच्याकडे निळी चिकटपट्टी. निळी पट्टी असलेल्या डब्यात, चमच्यात, भांड्यात ग्लुटेनवाली वस्तू जाणार नाही, पाहुणे असोत की कुणी असो. शब्द वाचायला लागत नाहीत, लहान मुलांनाही कळतं.

६. आता भरा.

थांबा: ग्लुटेन म्हणजे जंतू नाही. गरम करून मरत नाही, तळून जात नाही, सॅनिटायझरने तर अजिबात जात नाही. ते प्रथिन आहे, ते साबण-पाण्याने धुऊन किंवा पुसून काढावं लागतं. "तवा लालभडक तापवला होता" हे कारण चालणार नाही.

शक्य असेल तर पूर्ण घरच ग्लुटेन फ्री करा असं काहीजण सांगतात. लहान मूल असेल, किंवा घरात रोज सुकं पीठ उडत असेल, तर मलाही तेच पटतं. पण नाही जमलं तर मिश्र घरही चालवता येतं, फक्त सुकं पीठ मळणं, चाळणं त्याच वेळी आणि त्याच ओट्यावर नको. हवेत उडालेलं पीठ बराच वेळ खाली बसत राहतं.

पायरी ४: लेबल तीन वेळा वाचायचं

दुकानात एकदा, घरी ठेवताना एकदा, उघडताना एकदा. कंपन्या रेसिपी बदलतात आणि पाकीट तेच ठेवतात, त्यामुळे "आम्ही नेहमी हेच घेतो" याला अर्थ नाही.

वाचायचा क्रम: आधी ग्लुटेन फ्री लिहिलंय का किंवा आडवी रेघ मारलेल्या गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आहे का. नसेल तर घटक पदार्थांची पूर्ण यादी. मग खाली ॲलर्जीची ओळ. मग "अंश असू शकतात"वाली ओळ, ती बऱ्याच देशांत ऐच्छिक असते, म्हणजे ती नाही म्हणून माल सुरक्षित असं समजू नका.

इथे फसतात:

माल्ट. माल्ट एक्स्ट्रॅक्ट, माल्ट फ्लेवर, माल्ट व्हिनेगर, हे सगळं सहसा बार्लीचं. कॉर्नफ्लेक्स मक्याचे म्हणून निर्धास्त राहतात आणि त्यात माल्ट असतं. नावात साम्य असलं तरी माल्टोडेक्स्ट्रिन मात्र वेगळं, ते साधारणपणे चालतं. साधं डिस्टिल्ड व्हिनेगरही चालतं.

"व्हीट फ्री" म्हणजे ग्लुटेन फ्री नव्हे. गहू नाही, पण बार्ली किंवा राय असू शकते. अमेरिकेत ॲलर्जीच्या कायद्यात गहू ठळक लिहावा लागतो, बार्ली आणि राय नाही, युरोपात ग्लुटेनवाली सगळी धान्यं ठळक करावी लागतात. म्हणून कुठल्या देशाचं पाकीट आहे ते बघा.

सोया सॉस. नाव सोयाचं, आत गहू. शिवाय सूपची पावडर, सॉसेज, नकली खेकडा, मसाल्याची तयार मिश्रणं, घट्ट केलेली ग्रेव्ही, चॉकलेटमधले कुरकुरीत तुकडे, बिअर.

औषधं. गोळ्यांमध्ये भरणीला स्टार्च असतो, बहुतेक मक्याचा किंवा बटाट्याचा, पण फार्मासिस्टला विचारा. विचारा म्हणतोय, बंद करा म्हणत नाहीये. लिपस्टिक आणि लिप बाम पण बघा, ते पोटात जातंच.

तपासा: घरातली कुठलीही पाच पाकिटं घ्या आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचायला लावा. एकट्यालाच वाचता येत असेल तर तो माणूस आजारी पडल्यावर काय?

पायरी ५: रोजचा स्वयंपाक

मिश्र घरात एकच नियम, आधी ग्लुटेन फ्री शिजवा, झाकून बाजूला ठेवा, मग बाकीचं. वाढतानाही तसंच. ढवळायचा चमचा एका भांड्यापुरताच, तो दुसऱ्यात नाही. गव्हाचा पास्ता उकळलेल्या पाण्यात दुसरा पास्ता उकळायचा नाही, आणि ज्या तेलात ब्रेडक्रम्ब लावलेलं काही तळलंय त्यात बटाटेही तळायचे नाहीत, मग बटाटे कितीही निष्पाप असोत.

बेकिंगबद्दल थोडं, कारण पहिला ब्रेड वीट होतो आणि लोक रडकुंडीला येतात. ग्लुटेन हा पिठाला धरून ठेवणारा चिकटपणा, तो काढला की दुसरं काहीतरी घालावं लागतं, इसबगोल किंवा झँथन गम. कपाने मोजू नका, वजन करा, कारण प्रत्येक पिठाचा एक कप वेगळ्या वजनाचा असतो. पीठ भिजवल्यावर अर्धा तास तसंच ठेवा म्हणजे ते पाणी पितं आणि खाताना रेताड लागत नाही. आणि कापायची घाई नको, पूर्ण गार झाल्यावरच. गरम कापलात तर आत लगदा.

एक इशारा: रोज फक्त ग्लुटेन फ्री बिस्किटं, ब्रेड, केक यावर राहिलात तर फायबर कमी, साखर आणि फॅट जास्त असं होतं. मुळात ग्लुटेन नसलेली धान्यं, डाळी, भाज्या यांचा पाया ठेवा, पाकिटातलं अडीअडचणीला.

पायरी ६: शाळा

इथे पालक एक चूक हमखास करतात, क्लास टीचरला तोंडी सांगून मोकळे होतात. टीचर रजेवर गेली की तिच्यासोबत माहितीही रजेवर.

१. शाळा सुरू व्हायच्या आधी भेट. वर्ग चालू असताना दारात उभं राहून नाही, वेळ मागून.

२. एक पानाचं पत्र, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. त्यात एवढंच: मूल काय खाऊ शकत नाही, डब्यातलं सोडून काहीही देऊ नका, चुकून खाल्लं तर काय दिसेल, कुणाला फोन करायचा, आणि टॉयलेटला कधीही न विचारता जाऊ द्या. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, पोटात कळ आलेली असताना हात वर करून वाट बघणं मुलाला किती लाजिरवाणं होतं ते मोठ्यांच्या लक्षात येत नाही. या पत्राची एक प्रत बदली शिक्षकांच्या फाइलमध्ये, एक शाळेच्या नर्सकडे किंवा ऑफिसात, एक कँटीनमध्ये.

३. खाऊचा डबा. शाळेत नावाचा, बंद झाकणाचा, न खराब होणाऱ्या खाऊचा डबा ठेवा. कुणाचा वाढदिवस निघाला की टीचर त्यातलं काढून देणार. दर महिन्याला तारखा बघून भरा. आम्ही एकदा विसरलो आणि सगळे केक खात असताना पोराला मिळाली मऊ पडलेली मक्याची लाही, आठवडाभर बोलला नाही नीट.

४. हात आणि बाक. डबा खायच्या आधी बाक ओल्या वाइपने पुसायचा, हात साबणाने धुवायचे. डबा उघडून त्याच्या झाकणावरच खायचं, बाकावर काही ठेवायचं नाही.

५. चित्रकलेचा तास. हा कुणाच्याच डोक्यात येत नाही. मुलांच्या मऊ खेळण्याच्या मातीत, प्ले-डोमध्येसुद्धा, गहू असतो. कागदाच्या लगद्याच्या कामाला मैद्याची खळ वापरतात. त्वचेला लागून सिलिॲक होत नाही, पण लहान मुलांचे हात तोंडात जातातच. आमच्याकडे डबा चोख, बाक पुसलेला, तरी दर गुरुवारी संध्याकाळी पोट दुखायचं. तीन आठवडे डोकं खाजवल्यावर विचारलं, गुरुवारी काय असतं रे? तर क्राफ्ट. नखांत वाळलेली मैद्याची खळ होती. आता तांदळाच्या पिठाची खळ आम्हीच करून देतो, सगळ्या वर्गाला.

६. मुलाची तालीम. घरी खोटं खोटं खेळा. तुम्ही मित्र व्हा, "एकच घे ना रे, काही होत नाही" म्हणा, आणि मुलाला उत्तर द्यायला लावा. "नको, माझं पोट बिघडतं, माझ्याकडे माझं आहे" एवढं वाक्य पुरतं. डब्यांची अदलाबदल कधीच नाही, समोरच्याचं सुरक्षित दिसलं तरी नाही.

तपासा: सहल, स्नेहसंमेलन, क्रीडादिन यांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच मागून घ्या. आदल्या रात्री कळलं तर काही करता येत नाही.

पायरी ७: बाहेर खाणं

हॉटेलात "ग्लुटेन फ्री आहे का?" असा प्रश्न विचारू नका. त्याला "हो" म्हणणं फार सोपं असतं. उत्तर द्यायला विचार करावा लागेल असे प्रश्न विचारा: हे ज्या तेलात तळता त्यात अजून काय तळता? ग्रेव्ही कशाने घट्ट करता? याच तव्यावर ब्रेड भाजता का? सोया सॉस घालता का? वेटर म्हणाला "आत विचारून येतो" तर चांगलं लक्षण. आत न जाताच "काळजी नको" म्हणाला तर मी उठतो.

गर्दीच्या वेळेच्या आधी जा. कार्डावर लिहून ठेवा आणि ते स्वयंपाक करणाऱ्याच्या हातात जाऊ द्या. ताट आल्यावर परत एकदा विचारा. सॅलडवरचे ब्रेडचे तुकडे कुणी वरून उचलून तेच ताट परत आणलं तर घेऊ नका, नवीन मागा. आणि बुफे सोडून द्या, तिथे चमचे इकडचे तिकडे फिरतात. जावंच लागलं तर पहिल्या नंबराला उभं राहा.

पायरी ८: प्रवास

१. राहायची जागा आधी ठरवा, बघायच्या जागा नंतर. लहान का होईना स्वयंपाकाची सोय असलेली खोली आणि जवळ किराणा दुकान असलं की निम्मी चिंता मिटते. तिथल्या तव्यांवर विश्वास नको, आपलं एक पातेलं, एक सुरी, एक पातळ प्लास्टिकचा कटिंग बोर्ड आणि स्पंज बॅगेत.

२. विमानात खास जेवण मागता येतं, त्याचा कोड जीएफएमएल. तिकीट काढताना नोंदवा आणि निघायच्या दोन-तीन दिवस आधी परत खात्री करा, फ्लाइट बदलली तर नोंद सोबत जाईलच असं नाही. आणि हे करूनही एका जेवणाचं खाणं हातातल्या बॅगेत ठेवाच. ताट आल्यावर मुख्य जेवण बरोबर आणि बाजूला साधा पाव ठेवलेला, असंही होतं.

३. बॅगेत काय. जिथे द्रव पदार्थांना १०० मिलिलिटरची मर्यादा असते तिथे पीनट बटर, दही, जॅम हेसुद्धा द्रवातच मोजतात, म्हणून ते चेक-इन सामानात. ताजी फळं, मांस, दुधाचे पदार्थ, बिया दुसऱ्या देशात नेताना नियम बघा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याबाबतीत फार कडक आहेत, जे आहे ते फॉर्मवर लिहून टाकायचं. डॉक्टरांचं पत्र जवळ असलं की खाण्याचे पदार्थ का आणलेत ते समजावताना बरं पडतं.

४. भाषेचं कार्ड. फोनमध्येही आणि कागदावरही. इटलीत सेन्झा ग्लुटिने, स्पेनमध्ये सिन ग्लुतेन, जर्मनीत ग्लुटेनफ्राय. पण फक्त शब्द पुरत नाही, कार्डावर पूर्ण वाक्य हवं की गहू, बार्ली, राय, सोया सॉस चालत नाही आणि भांडी-तेल वेगळं हवं. ते भाषा येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, मशिनी भाषांतरात "गव्हाची आवड नाही" असा अर्थ निघाला तर काय उपयोग.

५. नियम देशागणिक वेगळे. युरोप-अमेरिकेत ग्लुटेन फ्री म्हणजे २० पीपीएमच्या आत. युरोपात "व्हेरी लो ग्लुटेन" अशीही एक पाटी असते, ती १०० पर्यंतची, ती सिलिॲकवाल्याने घेऊ नये. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ग्लुटेन सापडताच कामा नये, आणि ओट्स असलेल्या पदार्थाला ग्लुटेन फ्री म्हणताच येत नाही.

थांबा: परतीचं खाणं जातानाच बाजूला बांधून ठेवा. शेवटच्या दिवशी सगळं संपलेलं असतं, माणूस दमलेला असतो, आणि चूक तिथेच होते.

पायरी ९: चुकून गेलंच तर

पाणी भरपूर, पचेल ते साधं खाणं, विश्रांती. उलटी काढायचा प्रयत्न नको. ग्लुटेन पचवून देतात म्हणून विकल्या जाणाऱ्या एन्झाइमच्या गोळ्यांच्या भरवशावर राहू नका, डाएटला पर्याय म्हणून अजून तरी काही नाही. उलट्या थांबत नसतील, लहान मूल मलूल पडलं असेल, शौचातून रक्त येत असेल तर "ग्लुटेनच असेल" म्हणून बसून राहू नका, डॉक्टर गाठा, दुसरंही काही असू शकतं.

मग बरं वाटल्यावर एका वहीत लिहा: गेल्या दोन दिवसांत काय, कुठे, कुणाच्या हातचं. आमचा गुरुवार त्या वहीनेच पकडला. आणि त्रास झाला नाही म्हणजे नुकसान झालं नाही असं नाही, काहींना बाहेरून काहीच जाणवत नाही आणि आतडं आतून सोलत असतं.

पायरी १०: फॉलोअप, जो सगळे टाळतात

बरं वाटायला लागलं की लोक डॉक्टरकडे जाणं सोडतात. असं करा: पहिली परत टेस्ट साधारण सहा महिन्यांनी, मग वर्षाने, मग दरवर्षी किंवा डॉक्टर सांगतील तसं. टीटीजीचा आकडा उतरत जायला हवा. एकदम शून्य होत नाही, घाबरू नका, पण एका जागी अडकला असेल तर पायरी ३ परत पहिल्यापासून. सोबत लोह, फॉलिक ॲसिड, बी१२, ड जीवनसत्त्व, मोठ्यांत हाडांची घनता, मुलांत उंची-वजनाचा आलेख. लहान मुलांचं आतडं लवकर भरून येतं, मोठ्यांना दोन वर्षंही लागू शकतात.

सुरुवातीला दूध पचत नसेल तर तेही याच्यामुळेच असू शकतं, लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, ती पचवणारं एन्झाइम आतड्याच्या आतल्या बारीक बोटांसारख्या भागाच्या टोकांवर बनतं आणि सिलिॲकमध्ये तीच टोकं झिजलेली असतात. आतडं सुधारलं की बऱ्याच जणांना दूध परत चालायला लागतं, त्यामुळे कायमचं सोडायच्या आधी विचारा.

आणि एक काम राहतंच. आई-वडील, भावंडं, मुलं यांची टेस्ट. त्यांना इतरांपेक्षा शक्यता बरीच जास्त असते. आमच्या मोठ्या मुलीला ना पोटदुखी ना काही, नुसतं हिमोग्लोबिन कायम कमी, ते आम्ही "खात नाही नीट" म्हणून सोडून दिलेलं. दोन वर्षं टेस्ट टाळली, शेवटी केली, आणि आता वरच्या फळीवर निळ्या पट्टीचे डबे दुप्पट झालेत.